डोळे मिटून केलेलं भांडण

राग कसा आवरावा या विषयावर मी कागलजवळच्या एका सभागृहात व्याख्यान देऊन आलो, त्याच दिवशी माझा शेवगा कापला गेला. हे मी रचून सांगतोय असं वाटेल. माझी तशी ख्याती आहे. मी रंकाळ्यातला मासा सांगायला लागलो की तो दर खेपेला हातभर वाढतो, आणि माझ्या प्रवचनातलं वादळ ऐकून पुढच्या बाकावरच्या बायका पदर सावरून घेतात. पण शेवग्याचं खरं आहे. साक्षीला बुंधा आहे.

व्याख्यान झकास झालं होतं. आसपासच्या गावांतले सगळे पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळ्या सांभाळणारे आम्ही लोक, एका छताखाली बसलेले. एवढा गिळलेला राग तिथल्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या सगळ्या बॉयलरांमध्ये मिळून नसेल. मी सांगितलं, राग आला की आधी पाणी प्या. मग खोलीतून बाहेर जा. आवाज खाली आणा. उत्तर उद्यावर टाका. सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवताना एकानं विचारलं, "पण देवळात व्यापाऱ्यांची मेजं प्रभूनं उलटलीच होती की." प्रत्येक रागीट पाळकाचा हा बायबलातला आवडता प्रसंग. बाकीचे लोक लायसन बाळगतात तसा आम्ही तो खिशात बाळगतो. मी म्हणालो, "उलटली. पण दुसऱ्या दिवशी त्याला पंचकमिटीची मीटिंग नव्हती." टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्या पोटात घेऊन एसटीनं कोल्हापूरला आलो आणि चर्चच्या फाटकातून आत शिरलो, तर समोर आभाळ.

तिथं आभाळ कधी दिसायचं नाही. तिथं शेवगा असायचा. आमची इकडं बदली झाली तेव्हा बायकोनं लावलेली ती काठी. पुढं तिचा असा वृक्ष झाला की त्याचा शेंडा बघायला जोतिबाच्या डोंगरावरची माणसं मान वर करत. शेंगा एवढ्या लागायच्या की अर्धी मंडळी आमच्या आमटीवर जगली. आणि आता जमिनीपासून वीतभर उंचीवर एक ओला पांढरा गोल, शेजारी फांद्यांचा ढीग, आणि ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून उभे आमचे वडील.

वडील म्हणजे माझे वडील नव्हेत. मंडळीनं कारभारासाठी निवडून दिलेल्या माणसाला आमच्यात वडील म्हणतात. यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री. सगळं आयुष्य भट्टीशेजारी उभं राहून बोलण्यात गेलं, त्यामुळं ते कानात काही सांगायला लागले तरी शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात.

"बगा पाळकसाहेब, कसं मोकळं झालं," ते म्हणाले. "तुम्ही कागलला गेलता. म्हटलं, परत यायच्या आत करून टाकू."

"झाड कापलंत," मी म्हणालो.

"कापलं की. सुरवंट पडत हुते गाड्यांवर. वरीसभर तुम्हाला छाटा म्हणून सांगतोय. आता आठ-धा गाड्या सहज बसत्याल."

मला त्या क्षणी एवढा राग आला की तो शिरोलीला नेऊन भट्टीत घातला असता तर वर्षभर कोळसा लागला नसता. पण मी नुकताच टाळ्या घेऊन आलो होतो. मी पाणी प्यायलो. आवाज खाली आणला. म्हणालो, "बरं." आणि आवारातल्याच आमच्या घरात गेलो.

ज्या गावात माणसं प्रेमानं 'जेवलास काय' विचारतात तेसुद्धा भांडण लागल्यासारखं, त्या गावात हळू आवाजात 'बरं' म्हणणं म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पाळकाला राग येत नाही, असा एक समज आहे. दुपारी ताटावर बसलं की फोन येतो, नाताळच्या नाटकात आमच्या मुलीला मेंढरू का केलं, देवदूत का नाही. लग्नाची वरात दोन तास उशिरा येते आणि नवऱ्याचा मामा मला म्हणतो, तुम्ही विधी जरा आटपता घ्या. मयताच्या घरी लोक देवावर चिडलेले असतात आणि देव तिथं दिसत नाही म्हणून माझ्यावर ओरडतात. ते मी समजतो, ते माझं कामच आहे. पण सगळ्यात दमवणारं वाक्य एकच. "आधीचे पाळक फार शांत होते." त्या आधीच्या पाळकांना मी एकदा हे सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या काळात हेच वाक्य त्यांच्या आधीच्या पाळकांविषयी ऐकावं लागत होतं. मागं मागं जात राहिलो तर पहिल्या मिशनरीपर्यंत सगळे शांतच निघतील, आणि सगळ्यांना पित्त असेल.

तर मी काही बोललो नाही. मी प्रवचन केलं.

हे बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. रविवारच्या भक्तीत प्रवचन पाळकाचं आणि त्यानंतरची प्रार्थना वडिलांची, अशी आमच्याकडची पद्धत. प्रवचन चालू असताना कुणी मधे बोलत नाही. प्रार्थना चालू असताना तर डोळेही मिटलेले असतात. म्हणजे दोघांनाही आपापली मैदानं, आणि समोरच्याला उत्तर द्यायची सोय नाही. कुस्तीत असं कधी बघितलंय का, की एकानं डाव टाकायचा आणि दुसऱ्यानं हात जोडून उभं राहायचं? आमच्याकडं दर रविवारी होत होतं.

पहिल्या रविवारी मी बागेची राखण करणाऱ्या माळ्यावर बोललो. दुसऱ्या रविवारी, चांगलं झाड कशावरून ओळखावं यावर. पवित्र शास्त्रात झाडं किती आहेत ते मला तोवर माहीत नव्हतं. अंजीर, जैतून, खजूर, देवदार, एक संपलं की दुसरं तयार. मी वडिलांचं नाव कधी घेतलं नाही, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी छताकडं बघून बोलायचो. मंडळी मात्र वडिलांकडं बघायची.

मग ते उठायचे, माईक बाजूला सारायचे, कारण त्यांना माईकची गरज नाही, आणि डोळे मिटून सुरू करायचे. "हे स्वर्गीय बापा, आमच्या पाळकसाहेबांना जगातल्या मातीच्या, पाल्याच्या वस्तूंचा मोह पडलाय, तो सोडव. त्यांना थोडक्यात बोलायचं दान दे. त्यांच्या मनात कुणाविषयी काही कडू असंल तर तू ते आजच्या आज काढून टाक, उद्यावर ठेवू नको." शेवटी सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणायची. मलाही म्हणावं लागायचं, आणि माझ्या गळ्यात तर माईक अडकवलेला. जगात कुठल्या माणसानं स्वतःला बसलेल्या शिव्यांना लाउडस्पीकरवरून अनुमोदन दिलं असेल, तर तो मी.

हजेरी वाढली, हे लपवण्यात अर्थ नाही. नाताळला तोंड दाखवणारे लोक भर उन्हाळ्यात यायला लागले. मिरजेहून, इचलकरंजीहून माणसं आली. एवढ्या गाड्या झाल्या की ज्या जागेसाठी शेवगा कापला ती अपुरी पडायला लागली. तरुण संघातली पोरं शनिवारी मला विचारायची, उद्या कुठलं झाड, पाळकसाहेब.

लोकांची करमणूक झाली. माझी झाली नाही. सकाळी उठलो की जबडा दुखायचा. दातांच्या डॉक्टरनं आत टॉर्च मारून विचारलं, झोपेत काय चावता. रक्तदाब असा चढला की मशीनचा पट्टा दंडावर फुगताना शिवण उसवते की काय असं नर्सला वाटलं. घरी मी गुपचूप जेवायचो, गुपचूप आडवा व्हायचो. बायको म्हणाली, "तुमचा राग म्हणजे आपली पाण्याची मोटर झालीय. टाकी कधीच भरली, पाणी गच्चीवरनं वाहतंय, तरी आत घुर्र चालूच." झाड तिचं होतं. ती एक दिवस रडली होती, वडिलांच्या तोंडावर दोन शब्द बोलली होती, आणि मोकळी झाली होती. बुंध्याशेजारी तिनं कढीपत्ता लावला होता. मला मात्र कढीपत्ता दिसत नव्हता.

आता आक्कांकडं यायला हवं. आक्का म्हणजे वडिलांच्या घरच्या. मंडळीत त्यांना लहानथोर सगळे आक्काच म्हणतात. पाठीचा मणका सरकून त्या बरेच महिने अंथरुणावर होत्या. जे आजारी चर्चला येऊ शकत नाहीत त्यांना आम्ही प्रभुभोजन घरी नेऊन देतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी. छोट्या पेटीत भाकरी आणि द्राक्षरस घेऊन पाळक जातो, आणि प्याला धरायला बरोबर एक वडील लागतो. आक्कांच्या वेळी प्याला त्यांचे मालकच धरत, दुसऱ्या कुणाला धरू देत नसत. त्यामुळं झाड कापल्यावरसुद्धा आम्ही दोघं महिन्यातून एकदा त्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहत होतो, पुस्तकी मराठीत विधी उरकत होतो आणि एकमेकांना सलाम घालून निघत होतो.

एका महिन्यात आक्का म्हणाल्या, पोट बिघडलंय, आज नको. पुढच्या महिन्यात म्हणाल्या, आज मन लागत नाही. त्यानंतरच्या महिन्यात त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मंगळवारी टेबलावर घ्यायचं, सोमवारी भरती व्हायचं. डॉक्टरांनी धोका समजावून सांगितला होता. आदल्या रविवारी मी पेटी घेऊन गेलो. वडील प्याला धरून उभे. भाकर मोडण्याआधी विचारायचा प्रश्न मी नेहमीप्रमाणे विचारला, "आक्का, मनात कुणाविषयी काही आहे का? असेल तर आधी मिटवून मग प्रभूच्या मेजापाशी येऊ या."

"माझ्या मनात काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "तुमच्या हाय. ह्यांच्या हाय. मी न्हाई घेणार."

वडिलांचा प्याला हातातच राहिला.

"आवो, तुम्हाला काय वाटलं, पडून आहे म्हणजे मला कळत न्हाई?" त्यांनी उशीखालून मोबाईल काढला. आमची भक्ती लॉकडाऊनपासून मोबाईलवर दिसते; आजाऱ्यांची सोय म्हणून मीच ती सुरू केली होती. "सगळी झाडं ऐकलीत मी. आणि ह्यांच्या सगळ्या प्रार्थना. भांडण मिटवून मेजापाशी या म्हणून तुम्हीच शिकवलंय, पाळकसाहेब. मग देणाऱ्यांनी तसंच यायचं काय?"

मी म्हणालो, "आक्का, हवं तर मी दुसऱ्या मंडळीच्या पाळकांना बोलावतो. संध्याकाळपर्यंत येतील."

"भाकरी बाहेरनं कशाला मागवायची? मी ह्या मंडळीत आजारी हाय."

वडील खाकरले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बायकोच्या ऑपरेशनची भीती त्या माणसाच्या तोंडावर ताज्या ओतलेल्या लोखंडासारखी थरथरत होती. त्यांनी हात पुढं केला. "पाळकसाहेब, माझ्याकडून काही उणंदुणं झालं असल्यास क्षमा असावी," ते म्हणाले. विधीबाहेर आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध. मीही हात धरला आणि म्हणालो, "माझ्याकडूनही."

"हे नाटक नाताळला करा," आक्का म्हणाल्या. "झाड पडल्यापासनं तुम्ही एकमेकाला काय बोललाय? देवाला बोललाय. त्याला काय करायचंय तुमच्या पार्किंगचं? आता हितं बोला. डोळं उघडं ठेवायचं, देवाचं नाव मधी आणायचं न्हाई, आणि ज्याला बोलायचं त्याच्या तोंडाकडं बघायचं."

मी घसा साफ केला. "वडील, मला असं वाटतं की मंडळीच्या कारभारात परस्पर सल्लामसलत..."

"हे प्रवचन झालं," आक्का म्हणाल्या. "आवो, तुम्ही सुरू करा."

वडिलांनी सवयीनं डोळे मिटले.

"डोळं."

त्यांनी उघडले. प्याला खाली ठेवला. मग मी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर पडलं ती माझ्या आईची भाषा होती. पाळक व्हायला सेमिनरीत गेल्यापासून मी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेली. "एक फोन करायला काय झालंतं तुम्हाला? माझ्या दारातलं झाड, मी घरात न्हाई बघून तोडता?"

"दार तुमचं कुठलं?" वडील म्हणाले. "कंपाउंड मंडळीचं हाय."

"पाणी मंडळीनं घातलं काय?"

"पाणी घातलं म्हणून मालक झाला व्हय? आणि सुरवंट कुणाचं? मंडळीचं?"

"शेंगा खाताना कुणाला सुरवंट दिसलं न्हाईत. घड्याळ बरं दिसतं तुम्हाला, माझं प्रवचन चालू असताना."

"दिसणारच की. लांबवता किती."

मग मात्र आम्ही सुटलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. मी झाडावरून निघालो आणि देवदूत न झालेल्या मेंढरापर्यंत पोचलो, नवऱ्याच्या मामाला घेतलं, आमच्या घराच्या गच्चीच्या गळतीला घेतलं, आधीच्या शांत पाळकाला घेतलं. त्यातलं निम्मं वडिलांनी केलेलंच नव्हतं; तरी त्यांनी एकही सोडलं नाही, प्रत्येकाला उत्तर दिलं. खिडकीच्या काचा हालत होत्या. पन्हाळ्यावर लोकांनी छत्र्या उघडल्या असतील, गडगडतंय म्हणून.

दारात शेजारचे आले. बँकेतून निवृत्त झालेले, पलीकडच्या बुद्धविहाराचं काम बघणारे. धावत आल्यामुळं एकाच पायात चप्पल. "जयभीम. आक्कांना काय झालं काय?"

"मला काय न्हाई," आक्का म्हणाल्या. "ह्या दोघांचं चाललंय."

ते मला म्हणाले, "पाळकसाहेब, तुमचा आवाज असा आहे होय? मी टीव्ही समजलो." मग वडिलांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "चालू द्या. आमच्यात पण होतं. आम्ही फक्त आधी अध्यक्ष निवडतो," आणि गेले.

ते गेल्यावर वडिलांचा आवाज एकदम उतरला. "भट्टीवर माणूस चिडला तर शिवी देतो," ते म्हणाले. "हातोडा आपटतो. संध्याकाळी माझ्याच पैशानं चहा पितो. त्या दिवशी मी ढिगापाशी उभा हुतो. मला वाटलं, तुम्ही आता तोंड सोडणार. मी तयारीत हुतो. चुकलं म्हणणार हुतो. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणलं आणि आत गेलासा. लई दिवस कानात वाजलं ते. भिंतीसारखं 'बरं'. मग मी बी सुरू केलं."

माझ्यापाशी उत्तर होतं. चांगलं होतं, तीन मुद्द्यांत मांडता आलं असतं. पण मी वेताच्या खुर्चीत बसलो. "दमलोय ओ मी," मी म्हणालो.

वडिलांनी तांब्यातून पाणी दिलं. "फोन करायला पायजे हुता," ते म्हणाले.

"प्रवचनं जरा जास्त झाली," मी म्हणालो.

"जरा?" आक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणा आता. मला भूक लागलीय."

मी उठलो. बेकरीच्या ब्रेडचा तो छोटा तुकडा मोडताना भुगा चादरीवर पडला. वडिलांनी आक्कांच्या मानेखाली हात घालून त्यांना उचललं आणि दुसऱ्या हातानं प्याला ओठाला लावला. थोडा रस हनुवटीवर ओघळला, तो त्यांनी आपल्या सदऱ्याच्या बाहीनं पुसला. कुणी कुणासाठी प्रार्थना केली नाही. आक्कांनीच डोळे मिटले, मनात काही म्हणाल्या, आणि काय म्हणाल्या ते आम्हाला सांगितलं नाही.

आक्का आता काठी घेऊन चालतात. हे लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. पन्हाळ्यावरच्या छत्र्यांपाशी त्या म्हणाल्या, हे खोटं हाय. बाकी राहू द्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला निघायला हवं होतं. अजून दोन घरं होती, चार वाजता महिला मंडळ होतं. पाच मिनिटं टेकतो म्हणून मी परत त्या खुर्चीत बसलो आणि झोपलो. मंडळीतल्या माणसाच्या घरी पाळक घोरत पडलाय, असं आमच्या चर्चच्या इतिहासात झालं नसावं. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगावरून उतरून फरशीवर आलं होतं. माझे बूट कुणीतरी काढून ठेवले होते.

"महिला मंडळाला फोन केलाय मी," आक्का म्हणाल्या. "म्हटलं, पाळकसाहेब कामात हायत."

वडील खाली बसून दवाखान्याची बॅग भरत होते. गाऊन, टॉवेल, एक्स-रेचं पाकीट, थर्मास, सगळं कोंबलं होतं आणि बॅग बंद होत नव्हती. तिच्यावर गुडघा टेकवून ते चेन ओढत होते, ओढताना तिला शिव्या देत होते, आणि मी झोपलोय म्हणून त्या त्यांच्या मते हळू आवाजात देत होते.

मी अनवाणीच उठलो. बॅगेची दोन तोंडं दोन्ही हातांनी जुळवून धरली. वडिलांनी चेन ओढली.

"सावकाश," आक्का पलंगावरून म्हणाल्या. "आत माझा चष्मा हाय."